उंदरात वाढणारी गाठ कोणाची?

शस्त्रक्रियेत काढलेली कर्करोगाची गाठ आधी पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर येते. निदानाला लागेल तेवढा भाग ते बाजूला काढतात. तो हक्क रुग्णाचा. उरलेल्यातला वाटाण्याएवढा तुकडा, रुग्णाची संमती असेल तरच, पोषक द्रावणाच्या बाटलीत आणि बाटली बर्फाच्या डब्यात जाते. तुकडा अजून जिवंत असतो, म्हणून काही तासांत प्रयोगशाळा गाठायची असते.

तिथे मेलेला भाग कापून टाकतात आणि उरलेल्याचे दोन-तीन मिलिमीटरचे तुकडे करतात. मग उंदराच्या कुशीवर छोटा छेद देऊन एक तुकडा कातडीखाली सरकवतात. हा उंदीर खास पैदाशीचा. परक्या पेशींशी लढणाऱ्या टी, बी आणि एनके पेशी त्याच्यात नसतात, म्हणून माणसाची गाठ त्याच्या अंगात रुजू शकते. सगळ्याच रुजत नाहीत. आतड्याच्या बऱ्यापैकी रुजतात, प्रोस्टेटच्या फार हट्टी. महिनोन्‌महिने कॅलिपर लावून मोजत राहायचं. गाठ सेंटिमीटरभर झाली की काढायची, तुकडे करून पुढच्या उंदरांत लावायची, थोडे तुकडे द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवायचे. याला पीडीएक्स म्हणतात. एकाच रुग्णाच्या गाठीवर पाच औषधं शेजारी शेजारी तपासता येतात. खुद्द रुग्णावर ते कधीच शक्य नसतं. उंदराला प्रतिकारशक्ती नसल्यामुळे इम्युनोथेरपी मात्र या साध्या पीडीएक्सवर तपासता येत नाही.

आता या उंदरांत गाठी कोणाच्या आहेत ते पाहू. अमेरिकेत बहुतांश गोऱ्या रुग्णांच्या. तिथल्या कृष्णवर्णीय पुरुषांत प्रोस्टेटच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण गोऱ्यांच्या सुमारे दुप्पट आहे. तरीही या रोगाच्या अभ्यासात वर्षानुवर्षं वापरल्या गेलेल्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पीसी-३, डीयू-१४५ आणि एलएनकॅप या पेशी गोऱ्या पुरुषांच्या. ई००६एए-एचटी नावाच्या पेशी कृष्णवर्णीय रुग्णाच्या म्हणून वापरात होत्या. २०१९ साली त्यांचा डीएनए तपासला, तर वंश ९० टक्क्यांहून अधिक युरोपीय निघाला! तोवर त्यांच्या आधारे काढलेल्या तुलनांचं काय करायचं? म्हणून गाठीच्या नोंदीत वंशाच्या रकान्यातली खूण पुरत नाही, डीएनएची तपासणीही जोडावी लागते.

वंशाने फरक पडतो तो असा. फुप्फुसाच्या अॅडिनोकार्सिनोमात ईजीएफआर जनुकातला बदल पूर्व आशियातल्या जवळपास निम्म्या रुग्णांत सापडतो, गोऱ्यांत १०–१५ टक्क्यांत. त्या बदलावर नेमका घाव घालणाऱ्या गोळ्या आहेत. मात्र मृत्यूंमधली सगळी तफावत जनुकांतली नसते. उशिरा झालेलं निदान, न परवडलेले उपचार यांचा वाटा मोठा आहे आणि तो कुठलाच उंदीर दाखवू शकत नाही.

मग कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्याक रुग्णांच्या गाठी प्रयोगशाळेत येत का नाहीत? मुख्य अडचण त्या बर्फाच्या डब्याची. तो मोठ्या विद्यापीठांच्या रुग्णालयांत तयार असतो. गरीब रुग्ण जातात त्या लहान रुग्णालयांत तो न्यायला माणूसच नसतो. दुसरी अडचण विश्वासाची. १९५१ साली बाल्टिमोरमध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या आणि त्या आजही जगभर वाढताहेत. लोक ते विसरलेले नाहीत, आणि का विसरावं? २०१८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने अल्पसंख्याकांच्या गाठींचे पीडीएक्स बनवण्यासाठी यूसी डेव्हिस आणि ह्यूस्टनचं बेलर अशी दोन केंद्रं उभी केली.

आपल्याकडे तंबाखू-चुन्याची गोळी गाल आणि हिरडीच्या मधल्या खोबणीत धरतात आणि कर्करोग नेमका तिथेच होतो. बंगालमधल्या कल्याणीच्या जनुकशास्त्र संस्थेतल्या आणि खारघरच्या अॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली या कर्करोगाचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध केला. ओळखीच्या जनुकांबरोबर काही नवी नावंही त्यात निघाली. त्यांच्यावर औषध तपासायचं तर अशाच रुग्णाची गाठ हवी. त्यासाठी शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी कुणीतरी त्याच्या खाटेशेजारी बसून, उरलेल्या तुकड्याचं पुढे काय होणार ते त्याला मराठीत समजावून सांगायला हवं, आणि नको म्हणाला तर उपचारात काही कमी होणार नाही, हेही.