रक्ताचा दोष की भुकेचा वारसा?

‘ते रक्तातच असतं,’ हे वाक्य आपल्याकडे दोन ठिकाणी ऐकू येते. एक, गावात जातीविषयी बोलताना. आणि दोन, दवाखान्यात रोगाविषयी बोलताना. पहिल्या ठिकाणी आपण त्या वाक्याचा डाव ओळखतो आणि त्याच्याशी भांडतो. दुसऱ्या ठिकाणी मात्र मान खाली घालतो, कारण तिथे ते विज्ञानाच्या नावाने येते. मधुमेह जडला, रक्तदाब वाढला, चाळिशीत हृदयविकाराचा झटका आला, की ‘आनुवंशिक आहे’ एवढे सांगितले जाते आणि प्रश्न मिटतो. तो तिथे मिटू देता कामा नये. आजचे जीवशास्त्रच तो मिटू देत नाही, आणि याचा मोठा पुरावा आपल्या पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांतून पुढे आला आहे.

मी मूळचा शिरूर तालुक्यातला. दौंड तालुक्यात विज्ञान शिकवतो. शिरूरमधले वढू बुद्रुक म्हटले की आपल्या वाचकाला गोविंद गोपाळ महार यांची समाधी आठवेल. पण त्याच गावाचे नाव वैद्यकीय संशोधनाच्या जगातही घेतले जाते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाने डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने १९७०च्या दशकात तिथे ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले. २००२ पासून या परिसरातल्या २२ गावांतील जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांची घरोघर नोंद ठेवली जाते. लहान मुलांच्या जुलाबांवरील भारतीय रोटाव्हायरस लशीची चाचणी ज्या तीन ठिकाणी झाली, त्यांतले एक हे; दुसरी दोन दिल्ली आणि वेल्लोर.

याच रुग्णालयाच्या मधुमेह विभागाने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली १९९३ साली पुण्याजवळच्या, शेतीवर जगणाऱ्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. दिवस जाण्याआधीपासून बायकांच्या नोंदी घेतल्या, गरोदरपणात त्या काय खातात, किती राबतात हे पाहिले, आणि जन्मलेल्या मुलांचा पुढे वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. या आयांचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो आणि उंची १५२ सेंटिमीटर. बाळांचे सरासरी वजन २.७ किलो. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन इथल्या बाळांचे ३.५ किलो.

इथवर नवे काही नाही; गरिबाचे पोर लहानच असते, असे कोणीही म्हणेल. नवे ते पुढेच. बाळांची मापे बारकाईने घेतली तेव्हा दिसले की त्यांचे स्नायू कमी होते, पोटातले अवयव लहान होते, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. दिसायला बारीक, पण आतून चरबीचे प्रमाण जास्त. २००३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि ‘बारीक पण चरबीयुक्त भारतीय बाळ’ ही कल्पना जगभर पोचली.

याचा हृदयाशी काय संबंध? रक्तातली साखर वापरणारा शरीरातला सर्वांत मोठा गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. स्नायू कमी आणि चरबी जास्त असली की इन्शुलिन हे साखर पेशींत पोचवणारे द्रव्य नीट काम करीत नाही. मग साखर वाढते, रक्तदाब वाढतो, आणि रक्तवाहिन्या आतून खराब होऊ लागतात. इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर यांनी १९८०च्या दशकात जुन्या नोंदी तपासून दाखवले होते की जन्मतः कमी वजनाची माणसे पुढे हृदयविकाराने जास्त प्रमाणात मरतात. हृदयविकार हा सुखवस्तूंचा रोग, हा समज तिथेच मोडला. गर्भात उपासमार झाली, की शरीर टंचाईच्या हिशेबाने घडते. पुढे त्याच शरीराला बैठे काम, तेलकट वडापाव आणि साखरेचा चहा मिळाला, की तो हिशेब चुकतो.

आता प्रश्न असा, की आईच्या पोटातली टंचाई येते कुठून? पुण्याच्या अभ्यासाने इथेही उत्तर दिले आहे. ज्या बायकांच्या जेवणात हिरव्या पालेभाज्या, दूध आणि फळे जास्त वेळा होती त्यांची बाळे मोठी होती. शेतातले कष्ट, पाणी भरणे अशी जड कामे ज्यांच्या वाट्याला जास्त, त्यांची बाळे लहान होती. म्हणजे ताटात काय आले आणि डोक्यावर किती ओझे होते, हे बाळाच्या देहात उतरले. ताट कोणाचे रिकामे आणि ओझे कोणाच्या डोक्यावर, हे या देशात कोण ठरवते ते तुम्हांला सांगायला नको.

दुसरा निष्कर्ष ब-१२ जीवनसत्त्वाचा. या आयांपैकी सुमारे दोनतृतीयांश जणींमध्ये ते कमी होते. ज्यांच्यात ब-१२ कमी आणि फोलेट हे दुसरे जीवनसत्त्व जास्त, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्शुलिनला सर्वांत जास्त अडथळा होत असल्याचे २००८ साली दिसून आले. ब-१२ वनस्पतींत नसते. ते दूध, अंडी, मासे, मांस यांतून मिळते. ज्या अन्नाला हजारो वर्षे अभक्ष्य म्हणून हिणवले, ज्याच्यावरून माणसांना गावाबाहेर बसवले, त्यात हे जीवनसत्त्व भरपूर आहे. दूध डेअरीला जाते, मटण परवडत नाही, आणि २०१५ पासून महाराष्ट्रात बैलाची कत्तलही कायद्याने बंद आहे. ताटाचे राजकारण थेट पेशीपर्यंत जाते ते असे.

पेशीत नेमके काय घडते, हे रेणूंच्या पातळीवर पाहू. आई-बापाकडून येणारी जनुके म्हणजे डीएनएच्या लांब धाग्यावर लिहिलेल्या सूचना. पण सूचना लिहिलेली असणे वेगळे आणि ती वाचली जाणे वेगळे. डीएनएवर मिथिल नावाच्या लहान रासायनिक गटांच्या खुणा बसतात. त्यांवरून कोणते जनुक चालू राहील, कोणते दबून राहील हे बऱ्याच अंशी ठरते. या खुणांसाठी लागणारा माल पुरवण्यात फोलेट आणि ब-१२ यांचा वाटा असतो. म्हणजे पुस्तक तेच, पण कोणत्या ओळीखाली रेघ मारायची हे आईच्या अन्नावरही अवलंबून असते. हॉलंडमध्ये १९४४-४५च्या हिवाळ्यात नाझींनी अन्नाची कोंडी केली. त्या भुकेच्या काळात ज्यांचा गर्भ राहिला, त्यांच्या डीएनएवरील खुणा साठ वर्षांनंतरही त्यांच्या भावंडांहून वेगळ्या आढळल्या. हा अभ्यास २००८ सालचा.

हे वाचताना मला आपला १९७२चा दुष्काळ आठवतो. मे १९७३ मध्ये राज्यभर सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्यांत माझी आई खडी फोडीत होती, आणि मी तिच्या पोटात होतो. मिलोची लाल भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी, एवढाच आहार. आज मला मधुमेह आहे. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, हे मी विद्यार्थ्यांना रोज शिकवतो. पण ‘तुमच्या घराण्यातच असेल’ असे मला कोणी म्हणाले, तर त्या घराण्यात खडीचा ढीगही मोजा, असे मी सांगतो.

जनुकांविषयी आणखी एक गोष्ट. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातील निबंधात डॉ. आंबेडकरांनी जातीचे मर्म जातीतल्या जातीत लग्न हे आहे, असे मांडले. १९३६ साली त्यांनी जातीचा भेद हा वंशाचा भेद नव्हे, हे ठणकावून सांगितले. २०१३ साली हैदराबादच्या पेशी व रेणुजीवशास्त्र संस्थेतील आणि अमेरिकेतील संशोधकांनी डीएनए तपासून दाखवले, की सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात या देशातले लोक सर्रास मिसळत होते. पुढे ती सरमिसळ थांबली. भिंत निसर्गाची नाही, माणसाने बांधलेली आहे. शिवाय बंद गटात लग्ने होत राहिली की काही दुर्मीळ आनुवंशिक रोग बळावतात. म्हणजे रक्ताच्या शुद्धतेने रक्ताचेच नुकसान केले.

इथे एक सावधगिरी हवी. ‘आईमुळे रोग झाला’ असा या संशोधनाचा अर्थ कोणी काढील, तर ती जुनीच लबाडी नव्या भाषेत आली असे समजावे. आईने स्वतःचे ताट स्वतः रिकामे केलेले नाही. आणि हा वारसा म्हणजे नवे प्रारब्धही नव्हे. अन्न बदलता येते, श्रम हलके करता येतात; आपल्यासारख्यांची साखर आणि रक्तदाब वेळीच तपासता येतो. सहा गावांतल्या त्याच मुलामुलींना, ती वयात आल्यावर, पुढच्या पिढीसाठी ब-१२ देऊन पाहण्याचा प्रयोग २०१२ साली सुरू झाला, तो याच विश्वासाने.

मग कार्यकर्त्यांनी काय करायचे? दौंडच्या उसाच्या फडात बीड-जालन्याकडून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई गरोदर असली तरी मोळी वाहते, कारण खाडा पडला की पैसे कापले जातात. तिला गरोदरपणात हलके काम आणि भरपगारी रजा ही मागणी वेतनाच्या लढ्याइतकीच हृदयविकाराविरुद्धची लढाई आहे. अंगणवाडीत अंडे मिळते की नाही, किशोरवयीन मुलींचे रक्त तपासले जाते की नाही, हे विचारणे शिक्षकाचे काम आहे. आणि ज्या गावांनी आपले रक्त, आपली मुले, आपला वेळ संशोधनाला दिला, त्यांना त्यांच्या भाषेत निष्कर्ष आणि त्यांच्या दारात उपचार मिळाले पाहिजेत. ज्ञान त्यांच्या देहातून निघाले आहे. त्यावर पहिला हक्क त्यांचा.