ज्येष्ठातला ‘ष्ठ’, बेस्टमधला ‘स्ट’

सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत माझी भाची दीड वर्षापासून बसते. परवा तिला डबा पोचवायला गेलो, तेव्हा तिची वही उघडीच होती. पानावर लाल पेनाची चौकट आणि आत लिहिलेलं: ‘सीनियर, ज्युनियर, सुपिरियर, इन्फिरियर, प्रायर यांच्यापुढे टू. दॅन नाही!!’ उद्गारचिन्हं दोन, कारण मागच्या सराव परीक्षेत या एका प्रश्नानं तिचे अडीच मार्क खाल्ले होते. दोन मिळायचे ते गेले आणि चुकल्याबद्दल वरून अर्धा कापला.

“पण दॅन का नाही?” मी विचारलं.

“मामा, ‘का’ परीक्षेत विचारत नाहीत.”

तिचं चूक नाही. स्टाफ सिलेक्शनच्या पदवीस्तरीय परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात ६० मिनिटांत १०० प्रश्न सोडवायचे असतात आणि त्यातले २५ इंग्रजीचे. एका प्रश्नाच्या वाट्याला ३६ सेकंद येतात, तेवढ्यात ‘का’ कुठे बसवणार? पण परतीच्या बसमध्ये मला काही तो सोडेना. घरी येऊन कोश उघडले आणि जेवण निवून गेलं.

इंग्रजीची स्वतःची तुलना ‘अर’ लावून होते. टॉलचं टॉलर झालं की मागोमाग दॅन येतं. सीनियर मात्र या घरातला नव्हे. लॅटिनमध्ये सेनेक्स म्हणजे म्हातारा आणि ‘सेनिऑर’ म्हणजे त्याहून म्हातारा. शब्द इंग्रजीत आला तो तुलना पोटात घेऊनच. सुपिरियर, इन्फिरियर, प्रायर सगळे त्याच गोत्रातले. इंग्रजीनं त्यांना घरात घेतलं, पण आपल्या ‘अर’वाल्यांच्या पंगतीत बसवलं नाही. त्यांच्या पानात दॅन पडलं नाही, टू पडलं.

आता तिच्या वहीतला पुढचाच नियम बघा: ‘नो सूनर’नंतर दॅन, ‘हार्डली’नंतर व्हेन. अभ्यासिकेत हा मंत्रासारखा घोकला जातो. पण सूनर म्हणजे सून अधिक अर, म्हणजे इंग्रजी घरची अस्सल तुलना. तिला दॅन मिळणारच. हार्डलीत तुलना कुठेच नाही, मग दॅन कशाला? म्हणजे लाल चौकटी दोन होत्या, कारण एकच. ‘लेस्ट’ नंतर नॉट लिहायचं नाही, या तिसऱ्या चौकटीचंही थोडंफार तसंच. लेस्टच्या पोटात जुना ‘लेस’ बसलेला आहे. नकार आधीच आत असल्यावर दुसरा कशाला?

सेनेक्सपाशी मी जरा जास्त थांबलो. कारण कोशात त्याच्या शेजारी संस्कृतातला ‘सन’ दिला होता. सन म्हणजे जुना, आणि त्याच घरचा सनातन. ज्युनियर लॅटिनमधल्या ‘युवेनिस’वरून आला, आणि युवेनिसचा सख्खा चुलतभाऊ आपला युवन्, म्हणजे युवा. ऑफिसातले सीनियर आणि ज्युनियर म्हणजे सनातन आणि युवा! हे वाचल्यावर कोण जेवायला उठेल?

पण खरी गंमत पुढे होती. इंग्रजीत तिसरी पायरी ‘एस्ट’नं होते: बेस्ट, ओल्डेस्ट, यंगेस्ट. संस्कृतात तीच पायरी ‘इष्ठ’नं होते: श्रेष्ठ, ज्येष्ठ, कनिष्ठ, वरिष्ठ, बलिष्ठ. आणि हा ‘इष्ठ’ व तो ‘एस्ट’ हा एकच प्रत्यय आहे. योगायोगानं सारखे दिसणारे दोन प्रत्यय नव्हेत. एकाच मूळ भाषेतून निघून एक सिंधू-गंगेकडे आला, दुसरा उत्तर समुद्राकडे गेला. ज्येष्ठ म्हणताना जीभ जिथे टेकते, तिथेच बेस्ट म्हणताना जवळजवळ टेकते. शाळेत ही दोन्ही व्याकरणं आम्हाला एकाच इमारतीत शिकवली. मराठीचे सर आणि इंग्रजीच्या बाई एकाच स्टाफरूममध्ये चहा प्यायचे. पण ही सोयरीक कोणी सांगितली नाही.

‘मोस्ट बेस्ट’ ही चूक शोधा, असा प्रश्न दर दुसऱ्या सराव संचात असतो. बेस्टमध्ये ‘सर्वांत’ आधीच आहे, पुन्हा मोस्ट नको. मग आपण ‘सर्वश्रेष्ठ’ म्हणतो ते काय? श्रेष्ठमध्ये ‘सर्वांत’ आहेच, त्यावर आणखी एक ‘सर्व’. संस्कृतातही ‘श्रेष्ठतम’ सापडतो. शेक्सपिअरनंही एकाच विशेषणाला मोस्ट आणि एस्ट दोन्ही लावलेत. आणि ‘लेसर’ तर कुठलाही प्रश्नकर्ता डोळे मिटून बरोबर धरतो, जरी लेसमध्ये तुलना असताना वर पुन्हा ‘अर’ चिकटलेला आहे. वापरात रुळलं की चूक नियमात जाऊन बसते, इतकंच. पण हे ज्ञान परीक्षेत पाजळू नये. तिथे मोस्ट बेस्ट चूकच.

संस्कृत आणि युरोपातल्या भाषांचं हे नातं पहिल्यांदा जगासमोर ठळकपणे मांडलं गेलं ते आपल्याच देशात. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत विल्यम जोन्स या न्यायाधीशानं सांगितलं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यात इतकं साम्य आहे की त्या एकाच मुळातून निघाल्या असल्या पाहिजेत, आणि ते मूळ कदाचित आज उरलेलंही नसेल. पुढे १८२२ मध्ये याकोब ग्रिमनं या साम्याचं कोष्टक बसवलं. हा तोच ग्रिम, ज्याच्या आणि ज्याच्या भावाच्या परीकथा आपण लहानपणी वाचल्या.

कोष्टक म्हटलं तर सोपं आहे. आपल्याकडे प, तर इंग्रजीत फ: पितृ-फादर, पाद-फूट. आपल्याकडे द, तर तिकडे ट: दंत-टूथ, दश-टेन, द्वि-टू. त तिथे थ: त्रि-थ्री. श तिथे ह: शत-हंड्रेड, श्वान-हाउंड. लॅटिन आणि ग्रीकमध्ये ही उलथापालथ झाली नाही. त्यामुळे तिथून उसने आणलेले शब्द आपल्या शब्दांच्या जास्त जवळ राहिले. दंत आणि टूथ यांचं नातं सांगावं लागतं. दंत आणि डेंटल यांचं नातं दिसतं. पाद आणि पेडेस्ट्रियन, मर्त्य आणि मॉर्टल, दान आणि डोनेट तसेच. म्हणजे इंग्रजी शब्दसंग्रहातला जो भाग पोरांना अवघड वाटतो, ती लांबलचक लॅटिन-ग्रीक मंडळी, तीच मराठी मुलाच्या ओळखीतली निघते. आणि फूट, टूथ हे बालवाडीतले सोपे शब्द वेश पालटून बसलेले.

भाचीच्या यादीतला एक शब्द जवळून पाहू. ‘इम्पिक्युनियस: कफल्लक.’ तिनं शेजारी तीनदा लिहून काढला होता, तरी चाचणीत आठवला नाही. याच्या पोटात लॅटिनचा ‘पेकुनिया’ आहे, म्हणजे पैसा. आणि पेकुनियाच्या पोटात ‘पेकु’, म्हणजे गुरंढोरं. पेकु म्हणजेच आपला पशु. ज्याच्या दावणीला जनावर नाही, तो इम्पिक्युनियस! आपण अजूनही पशुधन म्हणतोच; पशुधन विकास अधिकाऱ्यांची जाहिरात निघाली की अभ्यासिकेतले पशुवैद्यकवाले उठून बसतात. ‘पेक्युलियर’ही याच गोठ्यातला. आधी ज्याच्या त्याच्या मालकीची गुरं, मग जे ज्याचं त्याचं ते, आणि शेवटी जगावेगळं, विचित्र. आता ग्रिमचं कोष्टक लावा. प चा फ, श चा ह. जुन्या जर्मॅनिक भाषांत पशुसाठी ‘फेहु’ हा शब्द सापडतो, गुरं आणि मालमत्ता अशा दोन्ही अर्थांचा. आपल्या ‘फी’चं मूळ, फ्रेंचांच्या घरून फिरून आलं असलं तरी, याच फेहुशी असावं असं बहुतेक अभ्यासक मानतात. परीक्षेची फी भरताना आपण एक शेळी देतो, असं समजायला हरकत नाही.

इथे एक इशारा द्यायला हवा, नाहीतर ज्याला त्याला प्रत्येक शब्दात संस्कृत दिसायला लागतं. व्हॉट्सअ‍ॅपवर असले महाभाग कमी नाहीत. दिवस आणि डे सारखे वाटतात ना? नातं नाही. कोष्टकाप्रमाणे आपल्या द ला तिकडे ट हवा, आणि डे ची सुरुवात ड नं होते. डे वेगळ्याच घरचा. आपल्या ‘देव’चं तिकडचं रूप मात्र ट घेऊनच आलंय: टीव, इंग्रजांचा जुना युद्धदेव. त्याच्या नावाचा वार म्हणजे ट्यूज्डे. रोमन लोकांनी तो वार मंगळाला, त्यांच्या मार्सला दिला होता. इंग्रजांच्या पूर्वजांनी मार्सच्या जागी आपला टीव बसवला. म्हणून आपला मंगळवार आणि त्यांचा ट्यूज्डे एकाच दिवशी येतात, आणि त्यांच्या वारात देव लपलेला असतो. सारखं दिसतं ते खोटं निघतं आणि दिसत नाही ते खरं. कोष्टक हाताशी असलं म्हणजे उगाच उडी मारायची वेळ येत नाही.

भाचीला हे सगळं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “इंटरेस्टिंग आहे मामा, पण यानं पाठ होतं का?”

प्रश्न रोकडा होता. याचं एक जुनं उत्तर आहे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन गृहस्थानं स्मृती मोजायची म्हणून सुमारे २३०० निरर्थक अक्षरगट बनवले, आणि वर्षानुवर्षं एकटाच पाठ करत, विसरत, पुन्हा पाठ करत बसला. १८८५ मध्ये त्यानं निकाल छापले. आपण सुरुवातीला भराभर विसरतो आणि मग विसरणं मंदावतं, हा वक्र त्याचाच. पण त्याच पुस्तकात आणखी एक निरीक्षण आहे. बायरनच्या कवितेची कडवी पाठ करायला त्याला निरर्थक अक्षरांच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकेच कष्ट पडले. अर्थ, लय, एका शब्दाला धरून येणारा दुसरा शब्द, हे सगळं मदतीला होतं. शब्दार्थांची सुटी यादी म्हणजे एबिंगहाउसची निरर्थक अक्षरंच. इम्पिक्युनियसला दावणीला बांधलं की तो यादीतून उठून कडव्यात जातो.

वाचण्यापेक्षा वही मिटून आठवून बघणं बरं, हेही आता ठाऊक झालंय. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांचे गट केले. एकानं उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्यानं वाचून मग आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, आठवड्यानं आठवणारे. परीक्षा पाच मिनिटांनी नसते. लाल चौकट रोज डोळ्यांसमोर ठेवल्यानं ओळखीची होते, पण ओळखीचं होणं वेगळं आणि आठवणं वेगळं.

काही चुका मात्र विसरल्यामुळे होत नाहीत, मराठी पक्की असल्यामुळे होतात. आपण परीक्षा देतो, म्हणून पोरं लिहितात, ‘आय गेव्ह अ‍ॅन एक्झाम’. इंग्रजीत परीक्षार्थी परीक्षा घेतो आणि परीक्षक देतो. देण्याघेण्याची दिशाच उलटी. चर्चा कशाविषयी तरी होते, म्हणून डिस्कसपुढे अबाउट येतो. अ आणि अ‍ॅन मात्र आपल्याला इंग्रज मुलांपेक्षा सोपे पडायला हवेत. शब्द नागरीत लिहा. ‘अवर’ स्वरानं सुरू झाला, म्हणून अ‍ॅन. ‘युनिव्हर्सिटी’ य नं सुरू झाली, म्हणून अ. अ‍ॅन एमपीएससी, पण अ यूपीएससी! इंग्रजी लिपी जे झाकते ते नागरी उघडं करून दाखवते.

आणि काही सापळे मराठीचे नसतातच. ‘द की टू द कॅबिनेट्स’ इथपर्यंत वाक्य दिलं, तर पुढे वॉज की वेअर? चावी एक, म्हणून वॉज. पण १९९१ मध्ये बॉक आणि मिलर यांनी जन्मानं इंग्रजी बोलणाऱ्यांकडून अशी वाक्यं पुरी करून घेतली, तेव्हा तेही काही वेळा वेअरकडे घसरले. क्रियापदाला जवळचा शब्द ओढतो. प्रश्नकर्त्याला हे पक्कं माहीत असतं. कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये तो मार्केट्स, मँगोज, कॅबिनेट्स अशी अनेकवचनांची गर्दी करतो आणि बाजूला उभा राहतो. मराठी पोरानं इथे घाबरायचं कारण नाही. मुलीनं आंबा खाल्ला, चिंच खाल्ली, केळं खाल्लं. आपलं क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जातं, लिंग बघतं, वचन बघतं, आणि हे सगळं आपण शाळेत जायच्या आधी शिकलेलो असतो. त्या मानानं वॉज आणि वेअर म्हणजे काय?

गेल्या रविवारी पुन्हा डबा घेऊन गेलो. लाल चौकट तशीच होती, पण तिच्या शेजारी पेन्सिलीनं बारीक लिहिलं होतं: ‘सनातन, युवा.’ इम्पिक्युनियसपुढे शेळीचं चित्र, शिंगांसकट. मी काही बोललो नाही. तिनंच मोबाइल पुढे केला, भरतीची जाहिरात उघडलेली होती.

“मामा, कनिष्ठ म्हणजे सर्वांत धाकटा ना? यंगेस्ट?”

“हो.”

“मग कनिष्ठ लिपिक व्याकरणानं एका कार्यालयात एकच असायला पाहिजे.”

“व्याकरणानं, हो.”

तिनं जाहिरातीतला पदसंख्येचा रकाना वर सरकवून पुन्हा एकदा वाचला आणि डबा उघडला. “चुकू दे त्यांचं व्याकरण,” ती म्हणाली. “भाजी कसली आहे?”