उपचारकाळांतील अन्न आणि वजन

माझ्या धाकट्या बंधूच्या तोंडाच्या कर्करोगावर किरणोपचार चालूं होते, तेव्हां आमच्या घरानें एक चूक केली. साखरेनें हा रोग पोसला जातो असें कोणीसें सांगितलें. झालें! खीर, दूध, तूप, सर्व बंद करून आम्हीं त्याला वरणाचें पाणी व मोसंब्याचा रस यांवर ठेविलें. पांच आठवड्यांत वजन ६४ किलोंवरून ५७ वर आलें, अंगांत त्राण उरलें नाहीं आणि उपचारांत आठवडाभर खंड पडला.

कर्करोगाच्या पेशी साखर वापरतात हें खरें. परंतु ताटांतली साखर काढली म्हणून रक्तांतली जात नाहीं. यकृत ती स्नायूंच्या प्रथिनांतून तयार करतें. हा खर्च रोग्याच्याच दंडा-मांड्यांतून निघतो.

त्यांत या रोगाची झीज साध्या उपासासारखी नसते. उपास लांबला तर शरीर मुख्यतः चरबी जाळतें व स्नायु शक्य तितके राखतें. येथें रोगजन्य दाहामुळें भूक मरते आणि स्नायुही झडतात. या स्थितीस 'कॅकेक्सिया' म्हणतात. ती एकदां बळावली कीं नुसत्या खाऊं घालण्यानें पुरती भरून येत नाहीं. २०११ सालीं अनेक देशांतील तज्ज्ञांनीं तिची एक खूण ठरविली: सहा महिन्यांत, इच्छा नसतां, शेंकडा ५ हून अधिक घट. ६० किलोंच्या माणसाचे हे अवघे ३ किलो! स्थूल माणूस उतरला म्हणजे घरचे संतोष मानतात, तोही व्यर्थ.

अशा ६० किलोंच्या रोग्यास सामान्यतः दिवसाला १५०० ते १८०० कॅलरी व ६० ते ९० ग्रॅम प्रथिनें लागतात. मधुमेह वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांनीं ठरवावें. एका अंड्यांत सुमारें ६ ग्रॅम प्रथिनें, पेलाभर दुधांत तितकींच. वरणाच्या पाण्यांत नांवापुरतीं. पेज दुधांत शिजवावी, वर तूप घालावें. तोंड आलें असेल तर तिखट-आंबट टाळून मऊ, कोमट अन्न दर दोन-तीन तासांनीं थोडें थोडें द्यावें. आग्रहानें मात्र ओकारीच येते.

गिळवेनासें झालें तर नाकांतून नळी घालतात. ती शेवटची पायरी समजून आम्ही घाबरलों होतों. पण नळीमुळेंच बंधूचें वजन स्थिरावलें, राहिलेले किरणोपचार पार पडले आणि पुढें दोन महिन्यांनीं ती काढली. तेव्हांपासून आमच्याकडे दर रविवारीं सकाळीं, एकाच कांट्यावर, त्याचें वजन घेऊन वहींत मांडतात. पायांस सूज असली तर तीही लिहितात, कारण सुजेनें आंकडा फसवतो.