कंबरदुखीच्या भयाचा मागोवा

बॉस्टन येथील शल्यवैद्य विल्यम मिक्स्टर व जोसेफ बार यांनी १९३४ साली असे सप्रमाण दाखविले की, दोन मणक्यांमधील चकती फाटून तिचा अंश मज्जातंतूंवर दाब देऊ लागला म्हणजे कमरेपासून पायापर्यंत कळ उतरते, आणि तो अंश शस्त्रक्रियेने काढून टाकल्यास रुग्णास उतार पडू शकतो. शोध खरा होता आणि त्याची योग्यता आजही उणी झालेली नाही. परंतु ज्या थोड्या रुग्णांना तो लागू होता त्यांच्यापुरता तो राहिला नाही. पुढील काही दशकांत जवळजवळ प्रत्येक कंबरदुखीचा ठपका चकतीवर येऊ लागला, आणि मनुष्याचा कणा ही जात्याच नाजूक, जरा वावगे वाकताच मोडणारी वस्तू आहे, ही समजूत प्रथम दवाखान्यांत व तेथून घरोघर रूढ झाली. आपल्याकडेही कंबर धरली की फळीवर निजावे, वाकू नये, बादली उचलू नये, पट्टा सोडू नये, असा शिरस्ताच पडला. पूर्वी ‘गादी सरकली’ असे सांगत, हल्ली ‘मणक्यात गॅप आहे’ असे सांगतात, आणि ऐकणाऱ्याच्या मनात दोन्ही वेळा तेच भय घर करते.

हे निदान घेऊन घरी परतलेल्या मनुष्याचे पुढे काय होते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. प्रथम त्याचे मांडी घालून जेवायला बसणे सुटते, मग तो जिना टाळू लागतो, मग नातवाला कडेवर घेणे थांबते, आणि अखेरीस रजेचा अर्ज वैद्यकीय दाखल्यासह महिन्यामागून महिने वाढत जातो. हालचाल थांबल्याने स्नायू दुर्बळ होतात, दुर्बळ स्नायूंवर अल्प भार पडला तरी ठणका लागतो, आणि तो ठणका म्हणजे आत पुन्हा काही मोडल्याची खूण आहे असे मानून तो अधिकच जपू लागतो. सदैव पहाऱ्यावर असलेली चेतासंस्थाही मग किरकोळ संवेदनेला वेदनेचे रूप देते. ही वेदना खरी असते. तिला ‘मनाचे खेळ’ म्हणून वाटेला लावणे हा रुग्णावर अन्याय आहे, कारण ज्या समजुतीने त्याला जखडले ती त्याने कल्पनेने रचलेली नसून बहुधा वैद्यांकडूनच विश्वासाने घेतलेली असते.

या दुष्टचक्रावर पहिला पद्धतशीर घाव सिएटल येथील मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोर्डाइस यांनी १९६० नंतरच्या दशकात घातला. दुखू लागले म्हणजे गोळी आणि दुखू लागले म्हणजे विश्रांती, हा क्रमच त्यांनी मोडला. औषध घड्याळाच्या काट्यावर, एकाच रंगाच्या व चवीच्या सरबतातून द्यायचे आणि त्यातील वेदनाशामकाची मात्रा हळूहळू उतरवीत न्यायची; व्यायामाचे माप आधी ठरवायचे, दुखण्यापूर्वीच थांबता येईल इतके ते अल्प ठेवायचे, आणि ठरलेले माप पुरे झाल्यावरच विश्रांती द्यायची, अशी त्यांची तजवीज होती. दुखण्याच्या हुकुमाने चालणारा दिवस अशा रीतीने पुन्हा रुग्णाच्या ताब्यात येई.

ग्लासगोचे अस्थिशल्यवैद्य गॉर्डन वॉडेल यांनी १९८७ साली कंबरदुखीच्या साऱ्या उपचारांचीच फेरतपासणी मांडली, आणि १९९३ साली सहकाऱ्यांसह सोळा विधानांची एक प्रश्नावली सिद्ध केली, जिच्यात रुग्णाने श्रमाविषयी व कामाविषयी आपणांस काय वाटते ते अंकांनी नोंदवायचे असते. कामावर न जाणे हे वेदनेच्या तीव्रतेपेक्षा या भयाशी अधिक निगडित असल्याचे त्यांना आढळले. कॅलिफोर्नियात ज्यांना कंबरदुखी मुळीच नव्हती अशा ९८ जणांचे एमआरआय काढले असता ५२ टक्क्यांच्या निदान एका चकतीला फुगवटा दिसला, हे १९९४ साली प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी हेलसिंकी नगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांवरील प्रयोगाचा निकाल आला: कंबर धरलेल्यांपैकी काहींना दोन दिवस अंथरूण, काहींना पाठीचे व्यायाम, आणि उरलेल्यांना दुखणे सोसवेल तितके नित्याचे व्यवहार चालू ठेवण्यास सांगितले, तेव्हा हे तिसरे लोक सर्वांत लवकर सावरले व अंथरूण धरलेले सर्वांत मागे राहिले. ताप, वजन घटणे, पायातील बळ जाणे, लघवी अडणे अशी लक्षणे असतील तर तपास तातडीने व्हायलाच हवा. पण ती नाहीत याची नीट खात्री करून दिलेला धीर हा उपचाराचाच भाग होय, असे मी मानतो.

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९९७ साली हाच धीर दूरचित्रवाणीवरून साऱ्या जनतेला दिला, आणि शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्ये लोकमत होते तेथेच राहिले असता व्हिक्टोरियात ते पालटले, कंबरदुखीपायी होणारे नुकसानभरपाईचे दावेही घटले. स्कॉटलंड, नॉर्वे व कॅनडा येथे पुढे तसेच प्रयत्न झाले. तेथे लोकांची मते कमीअधिक बदलली, पण गैरहजेरीवर व उपचारांच्या मागणीवर म्हणावा तसा परिणाम दिसला नाही. या तफावतीची कारणे अनेक असतील. मला मात्र व्हिक्टोरियातील एका नोंदीचे महत्त्व फार वाटते: दोन्ही राज्यांतील डॉक्टरांपुढे कागदावर एकच काल्पनिक रुग्ण ठेवला असता, मोहिमेनंतर व्हिक्टोरियातील डॉक्टर त्याला क्ष-किरण तपासणीस पाठविण्यास किंवा अंथरुणात पडून राहण्यास सांगण्यास शेजाऱ्यांपेक्षा निम्म्याहूनही कमी प्रवृत्त झाले होते.