नकाराचा शेरा

अर्जावर ‘नामंजूर’ एवढाच शेरा मारून कारकुनाने तो परत करावा, आणि कोणत्या कागदाच्या अभावी तो फेटाळला गेला हे अर्जदाराला उमजू नये, अशी जी अवस्था, तीच संगणकाच्या काळ्या पडद्यावर आज्ञा टंकून काम करणाऱ्या नवशिक्याची होते. बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन यांनी लिहिलेला ‘एड’ हा युनिक्सचा जुना संपादक तर कोणतीही चूक झाली तरी केवळ एक प्रश्नचिन्ह उमटवीत असे; ‘एच’ हे अक्षर टंकले असता कारण सांगण्याची सोय पुढे झाली, आणि ते एक अक्षर मला फार मोठ्या सौजन्याचे वाटते. मात्र १९७१ साली निघालेल्या युनिक्सच्या पहिल्या पुस्तिकेतच आज्ञांच्या वर्णनाखाली ‘डायग्नोस्टिक्स’, म्हणजे नकाराचा खुलासा, असे कलम ठेवलेले होते.

प्रणालीचा गाभा वस्तुतः वाक्य बोलतच नाही. काम फसले की तो एक क्रमांक परत करतो आणि त्याचे शब्द एका यादीतून काढले जातात: २ म्हणजे फाइल नाही, १३ म्हणजे परवानगी नाही. लिनक्सवर ‘मॅन एर्नो’ अशी आज्ञा दिली की ती यादी समोर येते. क्रमांक २५ ला एके काळी ‘हा टंकलेखक नव्हे’ असे शब्द होते, कारण त्या काळी माणूस यंत्राशी दूरमुद्रकावरून बोलत असे.

गेल्या पावसाळ्यात माझ्या भाचीने घरच्या विंडोजवर लिहिलेली ‘अहवाल’ नावाची स्क्रिप्ट कॉलेजच्या लिनक्स यंत्रावर चढवली, आणि उत्तर आले, ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. “मामा, फाइल तर समोर दिसते आहे!” तिने यादी काढून दाखवली, फाइल खरोखरच होती. तेच चार-पाच शब्द इंटरनेटवर शोधून तिने तासभर घालवला होता, पण ते शब्द हजारो भिन्न कारणांनी उमटत असल्यामुळे एकही उत्तर तिच्या कामाचे निघाले नव्हते.

मी तिला ती ओळ अपूर्णविरामांवर तोडून वाचायला सांगितली. आरंभी ‘बॅश’, म्हणजे बोलणारा; मग तिच्या स्क्रिप्टचे नाव, म्हणजे मागितलेली वस्तू; नंतर पुन्हा ‘बॅश’चा पत्ता, पण त्याच्या शेपटाला टोपीसारखे चिन्ह आणि ‘एम’ हे अक्षर चिकटलेले; त्यापुढे ‘बॅड इंटरप्रिटर’; आणि सर्वांत शेवटी तिने वाचलेले शब्द. नसलेली फाइल तिची नव्हतीच. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत ती कोणत्या दुभाष्याकडून वाचून घ्यावी त्याचे नाव असते. विंडोज ओळीच्या अखेरीस दोन अदृश्य खुणा ठेवते, आणि त्यांतली पहिली, दूरमुद्रकाचा गाडा डावीकडे परत नेण्याची जुनी खूण, लिनक्सने दुभाष्याच्या नावाचेच अक्षर मानली. तसल्या नावाचा दुभाषी यंत्रावर नव्हता. क्रमांक २ अक्षरशः खरा होता. ‘कॅट’ला मोठ्या ‘ए’ची जोड देताच प्रत्येक ओळीच्या टोकाला ती खूण उघडी पडली, आणि ‘डॉस-टू-युनिक्स’ने ती पुसली गेल्यावर अहवाल निमूटपणे चालला.

पुढच्याच आठवड्यात तिला क्रमांक २८ मिळाला, ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’, आणि तोही डिस्क निम्मी मोकळी असताना. या खेपेस तिने तक्रार केली नाही. “मामा, जागा संपली म्हणजे नेमके काय काय संपू शकते?” असे तिने विचारले, आणि मी उत्तर देण्यापूर्वीच पुस्तिका उघडून ‘डीएफ’ला ‘आय’ जोडून पाहिले. लाखो चिमुकल्या फाइलींनी डिस्कवरच्या फाइलींच्या नोंदवहीतले सगळे रकाने भरून टाकले होते. गोदाम मोकळे होते, पण नवा माल चढवायला वहीत ओळ उरली नव्हती.