उपग्रह-संकेतांद्वारे संगणकाच्या घड्याळाचे समकालन

उपग्रह मार्गनिर्देशन प्रणालीच्या ग्राहीकडून, म्हणजेच रिसीव्हरकडून, मिळणाऱ्या कालसंकेतांशी संगणकाचे घड्याळ जुळवून ठेवण्याच्या क्रियेस उपग्रहाधारित समकालन असे म्हणतात. अमेरिकेच्या जीपीएस व भारताच्या नाविक या प्रणालींच्या उपग्रहांवर अणुघड्याळे असतात. २९ मे २०२३ रोजी प्रक्षेपित झालेल्या एनव्हीएस-०१ या नाविक उपग्रहावर प्रथमच भारतीय बनावटीचे रुबिडियम अणुघड्याळ बसविण्यात आले.

आवश्यकता
संगणकातील क्वार्ट्झ स्फटिकाची गती तापमानानुसार बदलते. दशलक्षांत २० भाग एवढी चूक असली, तरी दिवसाला सुमारे १.७ सेकंदांचा फरक पडतो. पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीने केलेल्या पल्सारांच्या निरीक्षणांत एवढा फरक चालत नाही. तेथे काळाची नोंद जीपीएसच्या आधारे होते.

कार्यपद्धती
ग्राही दोन प्रकारचे संकेत देतो. पहिला, तारीख व वेळ सांगणारा अक्षरी संदेश. सेकंदाला ९,६०० बिट या वेगाने ७० अक्षरे पोहोचण्यासच सुमारे ७३ मिलिसेकंद लागतात आणि हा विलंब प्रत्येक वेळी सारखा नसतो. दुसरा, प्रत्येक सेकंदाच्या आरंभी येणारा विद्युत स्पंद. तो अत्यंत अचूक असतो. परंतु घड्याळाचा ठोका ऐकू यावा आणि तो कितवा हे मात्र कळू नये, तशी त्याची स्थिती असते. सेकंद कोणता हे संदेशावरून व तो नेमका केव्हा सुरू झाला हे स्पंदावरून ठरते. एनटीपी किंवा क्रोनी ही आज्ञावली दोहोंचा मेळ घालून घड्याळाची गती हळूहळू सुधारते.

मर्यादा व दक्षता
स्पंद अचूक असूनही तारीख चुकू शकते. जीपीएसच्या जुन्या संदेशातील आठवड्यांची गणना १,०२४ नंतर पुन्हा शून्यावर येते. ६ एप्रिल २०१९ च्या मध्यरात्री (जागतिक वेळेनुसार) असे झाले, तेव्हा काही जुने ग्राही सुमारे १९.६ वर्षे मागची तारीख दाखवू लागले. म्हणून तारीख अन्य स्रोताशी पडताळणे इष्ट ठरते.

मालवणच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात इंटरनेट खंडित झाले, तरी ही पद्धत चालू राहते. कारण या लहरींना पावसाचा अडथळा नगण्य असतो. मात्र माडांच्या ओल्या झावळ्यांखाली संकेत क्षीण होतात. त्यामुळे अँटेना मोकळ्या आकाशाखाली ठेवावी लागते.

मालवणची स्थानिक सौरवेळ भारतीय प्रमाणवेळेच्या सरासरी ३६ मिनिटे मागे असते. संगणक मात्र जागतिक वेळ राखतो आणि तीत साडेपाच तास मिळवून प्रमाणवेळ दाखवितो.