लाखेच्या तबकडीतला सूर

जुन्या गवयांचे आवाज किनरे होते, असे आपल्याकडे सहज बोलले जाते. जुन्या तबकड्या ऐकता ऐकता मला या विधानाची शंका येऊ लागली. मुळात १९२५ पर्यंत मायक्रोफोनने ध्वनिमुद्रण होत नव्हते. गायक कर्ण्यात तोंड घालून गात, आणि कर्णा खर्ज फारसा पकडत नसे. ही उणीव तबकडीतच आहे. पण किनरेपणाचा उरलेला वाटा धूळ, सुई आणि वेग यांचा असतो. तो आपल्या हातात आहे.

नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गायसबर्गने कलकत्त्यात गौहरजानचे गाणे मुद्रित केले. तेव्हापासून सुमारे अर्धशतक आपले संगीत लाखेच्या तबकड्यांवर साठत गेले. व्हिनाइलची एलपी १९४८ मध्ये आली. दिसायला दोन्ही काळ्या, पण जात वेगळी.

सुतार चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश करतो, हे आठवले की स्वच्छतेचा पहिला नियम कळतो: लाखेच्या तबकडीला स्पिरिट किंवा अल्कोहोल लावायचे नाही. व्हिनाइलला पातळ केलेले आयसोप्रोपिल अल्कोहोल चालते. लाखेच्या खाचा त्याने झिजून जातील. ऊर्ध्वपातित पाण्यात सौम्य साबणाचे दोनचार थेंब टाकावेत, मऊ ब्रश खाचेच्या दिशेने गोल फिरवावा आणि मधले लेबल कोरडे ठेवावे. मग साध्या ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन तबकडी सावलीत उभी वाळवावी. तडा गेलेली तबकडी भिजवूच नये. उन्हात ठेवलेली लाख वाकते. लाक्षागृहाची गोष्ट ऐकून वाढलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

आता सुई. एलपीच्या गोल सुईच्या टोकाची त्रिज्या सुमारे १८ मायक्रॉन, तर ७८ च्या तबकडीला सुमारे ७५ मायक्रॉनची सुई लागते. एलपीची सुई रुंद खाचेच्या तळाशी, नेमकी कचऱ्यात, घसरत राहते आणि खरखर वाढते. योग्य सुई भिंतींवर टेकते. पोलादी सुयांनी भिंतीचा एक पट्टा झिजवला असेल, तर किंचित लहान किंवा मोठी सुई न झिजलेल्या पट्ट्यावर बसू शकते. शिवाय या तबकड्यांत सूर खाचेच्या आडव्या हालचालीत असतो. स्टीरिओचे दोन्ही भाग एकत्र करून मोनो ऐकले की उभ्या हालचालीतली बरीच खरखर गळून पडते.

यंत्र निवडताना मी मात्र सर्वांत आधी वेग पाहतो. सुरुवातीच्या दशकांत ७८ हा आकडा पक्का नव्हता. ७४ फेऱ्यांवर मुद्रित झालेले गाणे ७८ वर लावले तर सूर सुमारे साडेपाच टक्के चढतो, म्हणजे जवळजवळ अर्धा स्वर. काळी एकचा गायक पांढरी दोनमध्ये ऐकू येतो, लय वाढते, तान धावल्यासारखी वाटते आणि आवाज बारीक होतो. म्हणून वेग कमीजास्त करता येईल असेच यंत्र घ्यावे. साथीला हार्मोनियम असेल तर तिच्या पट्टीवरून मूळ वेगाचा अंदाज बांधता येतो, पक्की खात्री मात्र नाही.

महागडे स्पीकर नंतर घेता येतील. कोणाच्या गायकीबद्दल मत लिहिण्यापूर्वी मात्र तबकडी धुतली होती का, सुई कोणती होती आणि वेग किती होता, हे तीन प्रश्न अभ्यासकाने स्वतःला विचारायला हवेत.